मागची डावी सीट

रोज सकाळी चहा व्हायच्या आधी बाबा गाडी उठवायला खाली जायचे. उठवायला हाच शब्द बरोबर आहे. ही गाडी साध्या स्प्रिंगांवर उभी राहणाऱ्यातली नव्हे. तिच्या चाकांवर हवेने भरलेले रबरी फुगे असतात, आणि त्यातले पुढचे दोन गळायचे. रात्रभर हवा जायची आणि सकाळी गाडी पुढचे पाय मोडून बसलेली असायची, नाक जवळजवळ जमिनीला टेकलेलं. बाबा इंजिन चालू करायचे, आत कुठेतरी पंप घरघरायला लागायचा, आणि एकेकाळी बड्या बड्या लोकांच्या दारात उभी राहिलेली ती काळी लांबलचक गाडी कण्हत कण्हत उठायची. शेजारी जागे व्हायच्या आत हे उरकायचं असा बाबांचा नियम होता. शेजाऱ्यांना अर्थातच सगळं माहीत होतं. आमच्या खालच्या मजल्यावरचा शिंपी जिन्यात भेटला की विचारायचा, "काय, उठली का महाराणी?" मी त्याच्याकडे अशी बघायचे की पुढचा विनोद तो गिळून टाकायचा.

माझा स्वभाव तापट आहे हे मला शाळेपासून सांगण्यात आलंय. मी दातांच्या दवाखान्यात फोन घेते. दिवसभर दुखऱ्या दाढांशी गोड बोलून माझ्यातला गोडवा संध्याकाळपर्यंत संपतो, आणि घरी येते ती उरलेली मी. तेव्हा हे सगळं मी शांतपणे सांगेन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

बाबा एका कारखान्याच्या मालकांकडे ड्रायव्हर होते. साहेब म्हणतील तेव्हा जायचं, म्हणतील तिथे थांबायचं, यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसात छोटासा कार्यक्रम झाला. साहेबांनी भाषण केलं, बाबा म्हणजे घरचाच माणूस असं तीनदा म्हणाले, आणि सगळ्यांसमोर त्यांच्या हातात गाडीची किल्ली ठेवली. ही आता तुमची. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. त्यात साहेब कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि बाबा किल्लीकडे.

"आणि कामाचे पैसे?" मी त्याच दिवशी विचारलं होतं. इतक्या वर्षांचे हिशेबाचे पैसे मिळायचे होते.

"येतील मागाहून," बाबा म्हणाले.

त्या पैशांवर आमची एकच गोष्ट अडली होती. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे गेलेत. तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. ते मुलाकडे राहायला जाणार होते आणि आमच्याशी घराची अदलाबदल करायला तयार होते, वर थोडी रक्कम घेऊन. आई ते घर एकदा बघूनही आली होती. स्वयंपाकघराला मागे दार आहे, दाराबाहेर दोन पायऱ्या आहेत, तिथे बसता येईल, असं ती कितीतरी दिवस सांगत होती. मग गाडी आली, पैसे आले नाहीत, आणि आई घराबाहेर पडायचीच बंद झाली. वर्षभर ती खिडकीतल्या खुर्चीत बसून होती. खाली बघितलं की तिला गाडीचा टप दिसायचा.

आता जरा गाडीविषयी. कोणाला अशी जुनी भारी गाडी स्वस्तात मिळत असेल आणि हात शिवशिवत असतील, तर त्याने हे लक्ष देऊन वाचावं. पहिल्या महिन्यात एक काच दाराच्या आत पडली ती वर येईना. काच शाबूत होती, पण ती वर खेचणारा सांगाडा मोडला होता, आणि तो एकटा मिळत नाही, मोटरसकट घ्यावा लागतो. मग इंजिन तापायला लागलं. पाण्याचा पाइप प्लास्टिकचा, जुना झालेला, मेकॅनिकने हात लावताच बिस्किटासारखा तुटला. "एक तुटला म्हणजे बाकीचेही तुटणार, सगळे बदला." मग तेल गळायला लागलं. गळती थांबवणारी रबरी पट्टी मामुली किमतीची, पण तिथपर्यंत पोचायला अर्धं इंजिन खाली उतरवावं लागतं, आणि इथेच घोडं पेंड खातं. मजुरीने आमच्या खिशाला कात्री लागली ती लागलीच. बॅटरी बदलली तेव्हा तर मी गॅरेजमध्येच हसत सुटले, रागाने. नवी बॅटरी बसवली की म्हणे गाडीच्या कॉम्प्युटरला तिची ओळख करून द्यावी लागते. त्या ओळख करून देण्याचे वेगळे पैसे. आमच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर आला तेव्हा मी सगळ्यांची ओळख फुकट करून दिली होती.

आणि एवढं करून त्या गाडीत बसायचं कोणी? कधीमधी बाबा मला दवाखान्यात सोडायचे. मी पुढे, त्यांच्या शेजारी. मागच्या सीटवर त्यांनी पांढरंशुभ्र कव्हर चढवलं होतं, ते रोज काढून झटकायचे. मागे डावीकडे साहेब बसायचे. त्या बाजूच्या दारावर बाबांचा जरा जास्तच हात फिरायचा.

वर्ष होत आलं तेव्हा मास्तरांनी मला जिन्यात थांबवलं. बिचारे कानकोंडे झाले होते. "बेटा, एक जण गोदामासाठी मागतोय. मी रविवारपर्यंत थांबतो. बयाणा तरी द्या, बाकीचं सावकाश चालेल."

बयाण्यापुरते पैसे माझ्याकडे जवळजवळ होते. माझ्या पगारातून मी ते बाजूला टाकत होते, बाबांच्या आणि माझ्या जोडखात्यात. थोडे कमी पडत होते. तेवढ्यासाठी गाडी विकावी असं मी ठरवलं. बाबांना विचारायचं नाही, आधी भाव काढायचा आणि मग भांडायचं, कारण भावाशिवाय भांडण म्हणजे नुसता घसा कोरडा.

त्याच आठवड्यात छोट्या साहेबांचा फोन आला होता. छोटे साहेब म्हणजे साहेबांचे चिरंजीव. त्यांचं लग्न ठरलं होतं. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, आम्हाला ऐकू यावा म्हणून. "काका, आमचं सगळं बालपण त्या गाडीत गेलंय. लग्नाचे फोटो तिच्यासोबतच काढायचेत. आणि चालवायला तुम्हीच हवेत, तोच पांढरा गणवेश घालून. फक्त गाडी जरा नीट उभी राहील असं बघा, फोटोत वाकडी दिसायला नको." बाबा उभे राहून बोलत होते. घरात, फोनवर, उभे राहून. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण आईने डोळ्यांनी मला गप्प बसवलं.

तर मी गॅरेजात गेले. गॅरेजवाला म्हणजे एक नंबरचा बोलभांड माणूस, हातातलं काम सोडून गप्पा मारायला कायम तयार. लिफ्टवर दुसरीच कुठलीतरी गाडी टांगलेली होती आणि तो तिच्याखाली उभा राहून वडा-बिडा खाल्ल्यासारखी बोटं पुसत होता, तेलाची.

"विकायची म्हणता, ताई?" तो म्हणाला. "चालू गाडी म्हणून कोणी घेणार नाही. ही गाडी घ्यायला पैसे लागत नाहीत, सांभाळायला लागतात. सुट्या भागांसाठी मी घेईन. दारं, काचा, आतलं लेदर. पण काका विकायचे नाहीत. कालच पैसे देऊन गेले ना."

"कसले पैसे?"

"पुढच्या दोन्ही शॉकॉप्सरचे. त्यातच ते हवेचे फुगे असतात. लग्न आहे म्हणे कुठलंतरी. आज ऑर्डर टाकणार होतो, पण दुकान बंद. उद्या दुपारी टाकतो."

त्याने आकडा सांगितला. तो आकडा मला तोंडपाठ होता. ते माझे पैसे होते, मास्तरांच्या बयाण्याचे, शेवटच्या नोटेपर्यंत.

"परत द्या," मी म्हटलं.

"देतो की. पण ज्यांनी दिले त्यांच्या हातात देणार. उद्या काका म्हणाले, माझे पैसे कुठे, तर मी काय तोंड दाखवू?" मग बहुधा माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी, कारण तो आवाज उतरवून म्हणाला, "खरं सांगू का ताई, मी तेव्हाच सांगितलं होतं. साहेबांनी गाडी द्यायच्या आधी काकाच ती माझ्याकडे घेऊन आले होते, काय काय करावं लागेल ते विचारायला. मी म्हटलं, हिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, हिला मोडीत काढा. काकांनी ते साहेबांना जाऊन सांगितलं. पुढच्याच आठवड्यात साहेबांनी गाडी काकांना दिली."

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. चार मजले चढून आले तरी धाप लागली नव्हती. बाबा टेबलाशी बसून गणवेशाच्या बटणांना ब्रास पॉलिश करत होते. आई तिच्या खुर्चीत होती.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "गाडी मेलेली आहे हे तुम्हाला माहीत होतं. गॅरेजवाल्याने तुम्हालाच सांगितलं होतं."

बाबांनी बटण खाली ठेवलं. "साहेब खर्च करत नव्हते म्हणून ती बिघडली. वेळच्या वेळी पैसे घातले तर अशी गाडी कुठे जात नाही. माझ्या हाताखालची गाडी आहे ती."

"पैसे घातले तर. कोणाचे? माझे? न विचारता?"

"हिशेबाचे आले की टाकणार होतो परत," असं ते म्हणाले आणि लगेच थांबले. त्यांना खोटं बोलता येत नाही. आयुष्यभर साहेबांच्या वतीने फोनवर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' सांगूनही कधी जमलं नाही.

"बाबा, ते पैसे कधी येणार?"

"ते नाही यायचे."

"म्हणजे?"

"साहेबांनी बोलावून विचारलं होतं. पैसे घेतोस का गाडी? मी म्हटलं, गाडी."

मी आत्तापर्यंत साहेबांवर चिडत होते. त्यांनी बाबांच्या तोंडाला पानं पुसली, मोडीतली गाडी गळ्यात मारली, वर भाषण ठोकलं, असं मनातल्या मनात घोळवत चार मजले चढले होते. ते सगळं खरंच होतं. पण हा मनुष्य स्वतःच्या तोंडाने गाडी म्हणाला होता. आईचं तळमजल्यावरचं घर, तिची ती मागच्या दाराची पायरी, सगळं एका शब्दात देऊन आला होता आणि वर्षभर आम्हाला 'येतील मागाहून' म्हणत होता. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शिंप्याच्या घरातलं मशीन बंद झालं, एवढं सांगते. शेवटी मी म्हटलं, "का? निदान का ते तरी सांगा."

बाबांचा आवाज अगदी बारीक झाला. "बाईसाहेबांना कुठे कुठे सोडायला जायचो. मागे बसून कशा निवांत बाहेर बघायच्या. दर वेळी मनात यायचं, तुझ्या आईला एकदा असं न्यावं."

माझा राग तिथे विरघळायला लागला होता, हे मी कबूल करते. तेवढ्यात खिडकीतून आईचा आवाज आला.

"मग नेलंत का?"

बाबांनी पॉलिशच्या डबीचं झाकण लावलं.

"सांगा की तिला. ती दवाखान्यात गेली होती तेव्हा." आई माझ्याकडे वळली. "गाडी घरी आणली त्या दिवशी मी उतरले होते खाली. ठेवणीतले कपडे घातले, केस नीट केले. कठडा धरून धरून चार मजले उतरले. मागचं दार उघडलं, तर हे म्हणाले, अगं तिथे नको, ती साहेबांची जागा आहे. तू पुढे ये."

"तोंडातून निघून गेलं," बाबा म्हणाले. "सवय."

"गाडी यांच्या नावावर झाली होती. साहेब त्यांच्या घरी झोपले असतील. तरी ती साहेबांची जागा." आई हे चिडून बोलत नव्हती, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं सांगत होती. "मग काय, आले वर."

"मला वाटत होतं, गुडघ्यांमुळे तू उतरत नाहीस," मी म्हटलं.

"गुडघे दुखतातच की. त्या दिवशीही दुखत होते."

मग बाबांनी बटण उचललं, त्यावरून फडकं फिरवलं, आणि म्हणाले, "छोट्या साहेबांना शब्द दिलाय. तेवढं लग्न होऊन जाऊ दे. मग बघू."

मी उठून आत गेले. नाहीतर त्या पॉलिशच्या डबीचं माझ्या हातून काहीतरी झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नेहमीपेक्षा उशिरा गाडी उठवायला खाली गेले. मी कामावर निघायच्या तयारीत होते. आई म्हणाली, "काठी दे माझी."

"कुठे निघालीस?"

"खाली."

तिने तेच ठेवणीतले कपडे घातले होते. मी तिचा हात धरायला गेले तर म्हणाली, "तू पुढे हो, मी पडले तर खाली कोणीतरी हवं." अशी ती. एकेक पायरी, एकेक मजला. तिसऱ्या मजल्यावर थांबली, घाम पुसला, शिंप्याने दार उघडून बघितलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता खुर्ची आणून दिली. ती बसली नाही.

खाली गाडी नुकती उठून उभी होती, पंप अजून घरघरत होता. बाबा वाकून दिवे पुसत होते. आई त्यांच्याकडे गेलीच नाही. ती सरळ मागच्या डाव्या दाराशी जाऊन उभी राहिली. दार उघडलं नाही, हाक मारली नाही, काठीवर दोन्ही हात ठेवून नुसती उभी राहिली.

बाबांनी मान वर केली. आणि मग जे झालं ते त्यांनी ठरवून केलं नाही, हे मी शपथेवर सांगते. त्या दाराशी कोणी उभं राहिलं की त्यांचे पाय आपोआप चालायला लागतात. ते लगबगीने गाडीला वळसा घालून आले, एक हात पाठीशी धरला आणि दुसऱ्याने दार उघडलं.

आईने ते पांढरं कव्हर ओढून काढलं, माझ्या हातात दिलं, आणि आत बसली. नीट बसली, टेकून.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"गॅरेजात. पोरीचे पैसे परत घ्यायचे आणि गाडी देऊन टाकायची."

बाबा दार धरून उभे. "लग्न तोंडावर आलंय," ते म्हणाले.

"लग्न त्यांच्याकडे आहे."

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे सांगण्यासारखं इतकं होतं की सुरुवात कुठून करावी तेच कळेना. पण बाबा आईकडे बघत होते, ती जिथे बसली होती तिकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की मी गप्प राहिले. मग त्यांनी दार लावलं. हलकेच, आवाज न करता, साहेबांचं लावायचे तसं.

त्या दिवशी ती गाडी काय चालली म्हणून सांगू. हलकट कुठली. एक खड्डा जाणवला नाही, एक दिवा पेटून तक्रार केली नाही. आई काचेतून बाहेर बघत होती, दुकानं, माणसं, सिग्नलला थांबलेल्या मोटारसायकली, वर्षभर न पाहिलेलं सगळं. बाबा आरशातून तिला बघत होते. मी पुढे बसून कव्हराची घडी घालत होते आणि आतल्या आत चरफडत होते, कारण हे वर्षापूर्वीच होऊ शकलं असतं. इतकीच गोष्ट होती. मागचं दार उघडायचं आणि बस म्हणायचं.

गॅरेजात मी भांडायला कंबर कसून उतरले, पण माझी गरजच पडली नाही. बाबाच म्हणाले, "सामान मागवू नकोस. पैसे हिच्याकडे दे. आणि गाडी ठेव." त्यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली. गॅरेजवाल्याने गाडीभोवती चक्कर मारली, मागचं दार उघडलं, आणि आईला हात देऊन उतरवल्यावर सीटवरून तळवा फिरवला. "मागचं लेदर कोरं करकरीत आहे, काका. याचे वेगळे देतो." ते सगळं मिळून मास्तरांचा बयाणा भागत होता. बाकीचं माझ्या पगारातून जाणार होतं, कितीतरी महिने. माझा रागही तितके महिने पुरेल, मी तशी तजवीज करून ठेवली आहे.

परत यायला टॅक्सी केली. आई मागे बसली. बाबांचा हात सवयीने पुढच्या दाराकडे गेला.

"मागे बसा," आई म्हणाली.

"मागे?" ते म्हणाले. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

मी पुढे जाऊन बसले आणि दार लावून घेतलं. मग त्यांना दुसरी जागाच उरली नाही. ते आईच्या शेजारी बसले, अगदी कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. टॅक्सीवाला वेडीवाकडी चालवत होता. प्रत्येक सिग्नल आला की बाबांचा उजवा पाय माझ्या सीटखाली ब्रेक दाबत होता, मला पाठीत जाणवायचं.

त्यांचा फोन वाजला. छोटे साहेब होते, आवाज माझ्यापर्यंत येत होता. शॉकॉप्सर बसले का, गाडी नीट उभी राहते ना, फोटोवाला विचारतोय.

मी मागे वळले. फोन हिसकावून घ्यायचा माझा पुरता बेत होता.

"आत्ता बोलता येणार नाही, साहेब," बाबा म्हणाले. "गाडीत आहे." थोडं थांबले, तिकडचं ऐकलं. "नाही, चालवत नाहीये. मागे बसलोय."